शिखराआधीचा सत्कार

२००३च्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या रविराज भाटजिरेच्या ओसरीवर निळी प्लॅस्टिकची पिंपं रांगेनं उभी होती. सिन्नरच्या एका कारखान्यात तो स्टोअर सांभाळायचा. कामावरून आला की हिमालयातल्या मोहिमेची बांधाबांध सुरू. कुठल्या तळावर किती रॉकेल, सुकी भाजी कोणत्या पिंपात, खेचरावर कुठलं ओझं कुठल्या बाजूला, सगळं त्यानंच ठरवलेलं. त्यात तो रमायचा. फक्त स्वतःचे चढाईचे बूट भरायचं पुढे ढकलत राहायचा.

आदल्या वर्षी एका लहान शिखराच्या बर्फाळ धारेवर त्याचे पाय भीतीनं जागीच खिळले होते. डोकं दुखतंय, असं त्यानं सोबत्यांना सांगितलं. आणि आता माथ्यावर जाणाऱ्या तिघांत त्याचं नाव होतं. निघण्याआधीच सत्कार करायची आपल्याकडे घाई. चौकात फलकही लागला: ‘शिखरवीर रविराज’. तो टाळायला रविराज लांबच्या रस्त्यानं बस गाठू लागला.

सत्काराच्या सकाळी मोहिमेचा नेता मयूर घरी आला. रविराजच्या आईनं, कुसाबाईंनी, चहा टाकला.

“काय शिखरवीर, शाल घ्यायला तयार ना?” मयूरनं विचारलं.

रविराज एका पिंपाचं झाकण उगाच फिरवत राहिला. मग म्हणाला, “मयूर, मला वर नाही जायचं. गेल्या वर्षी डोकं दुखत नव्हतं माझं. घाबरलो होतो.”

कुसाबाईंनी चहाखालचा गॅस बारीक केला.

“मंग त्यात काय झालं?” कुसाबाई म्हणाल्या. “मांडव घालणारा काय बोहल्यावर चढतो?”

मयूरला हसू आवरेना. “मावशी, तुम्ही सुटका केलीत! अरे, हा वर आला तर खालून सामान कोण धाडणार, याच घोरात होतो मी. मागच्या खेपेला हा वर आला होता, तर स्टोव्ह वर पोचले आणि रॉकेल खालीच. पण थांब म्हटलं तर याचं मन मोडेल, म्हणून गप्प राहिलो.”

“गाढवा, आधी बोलायचंस की!”

“तू तरी बोललास?”

संध्याकाळी मयूरनं माइकवर जाहीर केलं, रविराज तळ सांभाळणार. टाळ्या जरा कमीच पडल्या. भर उकाड्यात अंगावर शाल घेऊन रविराज खुर्चीत ऐसपैस टेकला आणि मयूरच्या कानाशी वाकला.

“वर तुला चहा धाडू की सूप?”

“दोन्ही.”

“मिळेल,” रविराज म्हणाला.