पॅसेजच्या मधोमध

पनवेलच्या त्या हॉस्पिटलात ती नेहमी संडासाच्या दाराशेजारची खुर्ची धरायची. उरणजवळच्या करंजा बंदरावरची, मासळी विकणारी बाई. आतड्याची सूज तिलाही आणि मलाही, म्हणून तपासणीला गाठ पडायची. मी आजाराबद्दल दबक्या आवाजात बोलायचो. ती सगळ्यांसमोर सांगायची, "आजपन रगत गेला."

पोटाचे डॉक्टर तिला म्हणत, गोळ्या चालू ठेवा. समोरच्या खोलीतले सर्जन म्हणत, मोठं आतडं काढावं लागेल. मध्ये फक्त एक पॅसेज, पण दोघे एकमेकांशी बोलत नसत. निरोप पोचवायचे कुणी, तर रक्त जाऊन पांढऱ्या पडलेल्या पेशंटने! याला उपचार म्हणायचं?

एके दिवशी ती पॅसेजच्या मधोमध उभी राहिली.

"दोगंबी भायेर या. आमच्या बंदरावर म्हावऱ्याचा भाव समोरासमोर ठरतो. माझ्या आतड्याचा पन तसाच ठरवा."

दोघे चिडूनच बाहेर आले. पण बोलले. ऑपरेशन लांबवायचं नाही, यावर एकमत झालं. सर्जन तिला पुढचं समजावणार, तोच ती म्हणाली, "थांबा, आदी जाऊन येते," आणि संडासाकडे धावली. एवढा वेळ ती कळ दाबून उभी होती.

दोघे डॉक्टर तिथेच, शेजारी शेजारी, तिची वाट बघत उभे राहिले.