नाना कंपाउंडर गेले तेव्हा मी गच्चीवर होतो

नाना कंपाउंडर गेल्याची बातमी मला अकोल्याहून कळली. संध्याकाळी साडेसातला दादाचा फोन आला. तो तेव्हा रोजच यायचा, पण त्या दिवशी दादाचा आवाज बसलेला होता. तो म्हणाला, "गेले रे नाना..." आणि त्यानं फोन ठेवला. मी अमरावतीला आमच्या गच्चीवर हातात पाण्याची नळी धरून उभा होतो. मोगऱ्याची कुंडी भरून वाहायला लागली तरी मला भान नव्हतं. आता सांगून टाकतो, नाना कंपाउंडर हे रोज सात वाजता टीव्हीवर लागणाऱ्या मालिकेतले. खेड्यातल्या त्या दवाखान्यात डॉक्टर कधी नसायचे, नाना मात्र असायचेच. पोट दुखो की मन, सगळ्यांना एकच गुलाबी औषध द्यायचे आणि माणूस बरा व्हायचा. माझ्या थोरल्या भावाचा त्यांच्यावर फार जीव. माझाही आहे, असं तो समजून होता. खरी गोष्ट अशी, की मी ती मालिका एक दिवसही पाहिलेली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी आमची वहिनी गेली. तेव्हा मी अकोल्याला धावलो, दाखले काढले, मांडववाल्याशी भांडलो, आल्यागेल्याला चहा दिला आणि चौदाव्या दिवशी परत आलो. एक तेवढं केलं नाही... दादाजवळ बसलो नाही. शाळेत पोरांसमोर तास तास बोलणारा मी, पण तिथं काय बोलावं ते सुचलं नसतं, म्हणून कामं शोधत राहिलो. दादा मुळातच अबोल. पुढचे कित्येक महिने "हं" आणि "बरं" या दोन शब्दांवर त्याचं भागलं. मग एका संध्याकाळी आपणहून त्याचा फोन. "काय रे, तू तो नाना कंपाउंडर पाह्यतं का?" त्याचा आवाज इतका आशेचा होता की मी म्हणून गेलो, "पाहतो ना!" तेव्हापासून रोज साडेसातला फोन. माझी बायको सुनंदा मालिका पाहायची आणि गच्चीवर येऊन मला दोन वाक्यांत सांगायची. उरलेलं मी तीन उत्तरांवर निभावून न्यायचो: "हो ना!", "मला आधीच शंका होती," आणि "बघू आता, उद्या काय होतं ते." सुनंदा म्हणायची, "पोराईले कॉपी करताना धरता, अन् तुमी स्वतः रोज कॉपी करून राहिले!"

नाना गेले त्या आठवड्यात सुनंदा नेमकी अचलपूरला, माहेरी. दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. मी केला, तर पुन्हा "हं" आणि "बरं". मला धसकाच बसला. आम्हा भावांमधली एकुलती एक वाट त्या कंपाउंडरच्या दवाखान्यातून जात होती, आणि आता तिथं कुलूप लागलं होतं. रविवारी सकाळची अकोल्याची बस धरली. अंगात पांढरा शर्ट घातला होता, हे लिहिताना आता लाज वाटते. स्टँडवर संत्री घेतली, मग दुखवट्याच्या घरी फळं नेतात की नाही ते आठवेना, म्हणून मूर्तिजापूर येईपर्यंत सगळी एकट्यानंच खाऊन टाकली.

दादा खुर्चीत बसला होता. टीव्हीवर टॉवेल टाकलेला. मी चेहरा पाडून शेजारी बसलो आणि म्हणालो, "असा अचानक अटॅक यायला नको होता."

"कोणाले अटॅक?"

"नानांना..."

"अबे, नाना पुरात गेले! औषध घेऊन नाल्यापलीकडं चालले होते. तीन दिवस थे पाणी दाखवून राहिले होते." त्यानं चष्मा काढला. "तू पाह्यत नव्हता?"

"नाही."

"एकही दिवस नाही?"

"नाही दादा."

तो उठून आत गेला. आत एक भांडं आदळलं. माझी चप्पल कुठं आहे ते मी पाहून ठेवलं. चहाचा एकच कप घेऊन तो बाहेर आला आणि माझ्यासमोर एकटाच प्यायला. "दीड वर्स मी काय भिंतीसंग बोलून राहिलो होतो?" माझ्या तिन्ही उत्तरांपैकी एकही इथं चालणारं नव्हतं. कप रिकामा करून तो म्हणाला, "म्हणजे तुले काहीच मालूम नाही? नाना त्या गावात कसे आले, थे बी नाही?"

"नाही."

"गुलाबी औषधात काय असे, थे?"

"तेही नाही."

तो कपाकडे पाहत म्हणाला, "तुह्या वहिनीलेही नसे मालूम. सात वाजता हौसेनं बसे, अन् सव्वासातले झोपून जाये. दिवसभर राबलेली बाई... सकाळी चहाच्या टायमाले म्हणे, 'सांगा मंग, पुढं काय झालं?' मी सांगो. दोन वर्सं झाले, कोणी विचारलंच नाही. तुले तर सगळंच ठाऊक असे, तुले काय सांगाव?"

मी आजवर बऱ्याच चुका केल्या आहेत, पण माहीत असल्याचं सोंग आणून एखाद्याची दीड वर्षं बोलती बंद केल्याची ही एकच. मी खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि म्हणालो, "दादा, नाना त्या गावात कसे आले?"

त्यानं संशयानं पाहिलं. मग आत जाऊन माझा चहा आणला, आणि दुपारचं जेवण होऊन गेलं तरी तो सांगत होता. नानांचं खोकणं, सरपंचाचा तोरा, सगळ्यांचे आवाज काढून. आमच्या दादाला आवाज काढता येतात, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं.

याला आता महिना होऊन गेला. फोन हल्ली सकाळी चहाच्या वेळी येतो. सुनंदाला मी ताकीद देऊन ठेवली आहे, पुढचं अक्षरही मला सांगायचं नाही. आमच्या गोष्टीत नानांनी नुकताच दवाखाना झाडून घेतला आहे, औषध अजून गुलाबीसुद्धा झालेलं नाही. दादाच्या चालीनं तो पूर यायला दोन-तीन वर्षं सहज लागतील. मला घाई नाही. काल सांगता सांगता तो मधेच थांबला आणि म्हणाला, "इथं चहा पेता पेताच तिले झोप लागली होती. मंग हे दोनदा सांगा लागलं."

मग तेवढा भाग त्यानं मलाही दोनदा सांगितला.