शवासनात पहिला नंबर

कॉलेजातल्या पोरी तिला पाठीमागे 'हळूमावशी' म्हणत, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. 'हळू, बाळांनो, हळू' हे तिचं पालुपद. तिची सगळी नोकरी टेलिफोनच्या स्विचबोर्डवर गेली. कानाला यंत्र, हातात तारा आणि पलीकडे कायम कोणीतरी घाईत. त्या नोकरीनं पाठ धरली, पाठीनं तिला योगवर्गात नेऊन बसवलं आणि निवृत्तीनंतर ती स्वतःच शिकवू लागली. नवरा म्हणायचा, "आमचं घोरणं हाच आमचा प्राणायाम. त्याला फी पडत नाही."

"पडते की," ती म्हणायची, "रात्रभर मी भरते."

क्रीडाशिक्षकांनी तिला बोलावलं ते मुलींच्या रिले संघासाठी. सर म्हणाले, "बाई, चौघींचे पाय उत्तम आहेत. शर्यतीच्या दिवशी डोकीच ठिकाणावर राहत नाहीत." त्यांचा रोख होता शेवटचा टप्पा धावणाऱ्या मुलीवर. उंच, सडसडीत, म्हणून तिला सगळे लंबू म्हणत. सरावात वाऱ्यासारखी पळायची. शर्यत आली की आधी ओकायची, मग बॅटन घ्यायला मागे केलेला तिचा हात लाकडासारखा ताठ व्हायचा. मागच्या दोन्ही स्पर्धांत बॅटन त्या हातावर आपटून खाली पडलं होतं. आता शनिवारी शेजारच्या कॉलेजशी सरावाची शर्यत होती. तिथंही पडलं, तर शेवटचा टप्पा राखीव मुलगी धावणार, असं सरांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं.

व्यायामशाळेच्या मागच्या खोलीत वर्ग भरायचा. रबरी चटयांना बुटांचा वास, कोपऱ्यात हवा गेलेले चेंडू, आणि दर फेरीला कुरकुरणारा पंखा. पोरी आसनं झटपट शिकल्या, पण खेळाडूच त्या! शवासनाला आडव्या झाल्या आणि पहिला टप्पा धावणाऱ्या बुटकीनं जाहीर केलं, "जी आधी हलेल ती सगळ्यांना चहा पाजणार!"

मावशीला गंमत वाटली. रमतायत तर रमू देत. लंबू कधीच हरली नाही. बुटकीचं नाक खाजायचं, दुसरीला हसू फुटायचं; लंबू मात्र दगडासारखी निश्चल. "बघा हिच्याकडे," मावशी कौतुकानं म्हणायची, "माशी बसली तरी पापणी हलत नाही!"

बुधवारी वर्ग सुटला, बाकीच्या गेल्या, तरी लंबू पडूनच होती. मावशी तिच्याशेजारी बसली आणि सैल पडलाय का बघायला तिनं तिचा हात मनगटाशी धरून उचलला. मग सोडून दिला. हात खाली पडलाच नाही. हवेत तसाच राहिला.

मावशीनं तिची मूठ उघडली. तळव्यावर नखांच्या लाल खुणा उमटल्या होत्या.

"अगं, हे काय?"

"पहिली यायचंय ना," लंबू डोळे मिटूनच म्हणाली. "श्वाससुद्धा चोरून घेते. छाती हलली की बुटकीला कळतं."

मावशीनं कपाळावर हात मारला. आपण पोरीला विसावा द्यायला आलो, आणि विसाव्याचीसुद्धा शर्यत लावून दिली. वर रोज शाबासकी!

"शनिवारी पडलं तर, मावशी?" लंबू उठून बसली. "त्या तिघी एक शब्द बोलणार नाहीत. तेच सोसवत नाही. त्यांच्यासोबत धावायला नाही मिळालं तर मी इथं करू तरी काय?"

"पडूही शकेल," मावशी म्हणाली. "माझ्याकडे काही जादूची कांडी नाही. पण उद्या तू एक कर. हर."

"म्हणजे?"

"खाजलं तर खाजव. जांभई आली तर दे. श्वास मोठ्यानं सोड, ऐकू आला तरी चालेल."

गुरुवारी लंबूनं आधी चोरटेपणानं नाक खाजवलं, मग कूस बदलली, मग असा काही सुस्कारा टाकला की बुटकी ओरडली, "हललीस! मेलीस! चहा काढ!" चौघी पोट धरून हसल्या. त्यानंतर मावशीनं चहाची पैज बंद केली आणि पोटावर हात ठेवून लांब श्वास सोडायला शिकवलं, पहिल्यापासून. शुक्रवारी खोलीत बारीक घुर्र ऐकू आलं.

"मावशी, ही झोपली!"

"झोपू दे. मला या आवाजाची सवय आहे."

शनिवारी शर्यतीआधी लंबू नळामागं जाऊन ओकलीच. मावशीचा चेहरा उतरला. लंबू चूळ भरून आली.

"ते झालंच बघा," ती म्हणाली. मग मावशीच्या शेजारी उभी राहून तिनं चार-पाच श्वास सावकाश सोडले आणि हात पुढे केला. "थरथरतोय. पण ताठ नाही ना?"

मावशीनं तिची बोटं हलवून पाहिली. हलली. "नाही. जा."

शर्यत सुटली. बाकावर सर शिट्टी दातात घट्ट धरून बसले होते.

"सर, श्वास सोडा."

"तुम्ही आधी सोडा, बाई."

खरंच की! तिचाही अडकलेलाच होता.

तिसरी मुलगी वळणावरून आली. लंबूनं पळायला सुरुवात करून हात मागे केला. बॅटन तळव्यावर टेकलं, घसरलं, बोटांच्या टोकांपर्यंत आलं. मावशीनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा बोटं बॅटनभोवती मिटलेली होती आणि लंबू निघून गेली होती.

त्या दुसऱ्या आल्या. शेजारच्या कॉलेजच्या संघाला गाठायला अगदी थोडं अंतर उरलं होतं. बाकीच्या तिघींनी धावत येऊन तिला मिठ्या मारल्या.

लंबू धापा टाकत सरांसमोर येऊन उभी राहिली. सरांनी शिट्टी तोंडातून काढली. "शेवटचा टप्पा तुझाच," ते म्हणाले आणि राखीव मुलीला समजवायला तिकडे वळले.

लंबू बाकावर टेकली. "मावशी, मुख्य स्पर्धेला पुन्हा ओकले तर?"

"तर नळ कुठंय ते आधी बघून ठेवू," मावशी म्हणाली आणि तिच्या घामेजल्या पाठीवर हात ठेवून तिचा श्वास खाली बसेपर्यंत बसून राहिली.