कोरडा सदरा

माझ्या मोठ्या भावाची आतडी हळवी होती. मुंबईच्या डॉक्टरांनी सगळे तपासून सांगितले होते की आत जखम नाही, गाठ नाही. आतडी वेळीअवेळी आवळतात, एवढाच आजार. कळ आली की ती सैल करणारी एक गोळी घ्यायची, दिवसाला फार तर तीन. दादाला महिन्याला चार-पाच पुरत.

मे महिन्यात दादा-वहिनी रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत येत आणि हे प्रमाण बिघडे. चाकरमानी आला की प्रत्येक घर त्याला जेवायला बोलावते. नाही म्हटले तर वर्षभर ऐकावे लागते. एका घरी फणसाची भाजी, दुसऱ्या घरी सुरमईचे तिखले, वर आमरस. ऐंशी सालानंतरच्या एका मे महिन्यात दादाने यावर युक्ती काढली. कळ येण्याची वाट न पाहता पंगतीला बसण्याआधीच गोळी. मग न्याहारीआधीही.

"पोट कसं गप्प बसलंय बघ," तो मला म्हणाला.

तोंड सुकते म्हणून तो सारखा ताक पीत होता. लघवी अडते, हे मात्र त्याने वहिनीलाही सांगितले नव्हते.

अशातच एका दुपारी आम्ही बागेत आंबे उतरवत होतो. वारा पडलेला, कातळ तापलेला. दादा हौसेने घळ, म्हणजे टोकाला जाळी बांधलेली लांब काठी, घेऊन फिरत होता. आमचे सदरे पिळून काढण्याइतके भिजले होते. पेट्या भरणारा शेजारी दादाकडे बघून म्हणाला, "काय ओ मुंबैकर, घाम दादरला ठेवून आलात की काय?"

सगळे हसले. दादा हसला नाही. चेहरा लालबुंद, आणि सदरा दोरीवरून नुकता काढल्यासारखा कोरडा. मी त्याच्या कपाळाला हात लावला आणि तो तव्याला लागावा तसा मागे घेतला.

"आईने पेट्या मोजल्या का रे?" त्याने विचारले.

आई जाऊन नऊ वर्षे झाली होती.

त्याला सावलीत आडवा केला, अंगावर विहिरीचे पाणी ओतले आणि पेट्यांच्या टेम्पोत घालून, वहिनीला बरोबर घेऊन रत्नागिरीच्या डॉक्टरांकडे नेला. ताप एकशे पाच. डॉक्टरांनी ओली चादर गुंडाळून पंखा लावला, मासळीबाजारातून बर्फ मागवला आणि वहिनीला विचारले, "औषध काय चालू आहे?"

वहिनीने पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली. "पोटाची आहे हो ही. साधी."

"दिवसाला किती?"

"चार... कधी पाच. जेवणं किती, त्यावर."

डॉक्टर बर्फ दादाच्या काखेत ठेवत म्हणाले, "गोळी वाईट नाही. पण तिला एकटं आतडं ओळखता येत नाही. आतडं आवळायचा निरोप ज्या तऱ्हेने जातो, त्याच तऱ्हेने घाम सोडायचा, लाळ सोडायची, लघवी करायचा निरोप जातो. गोळी सगळेच निरोप अडवते. कळ आली तरच घ्यायची, सांगितली तेवढीच. आणि ती घेऊन असल्या उन्हात राबायचं नाही. तोंड सुकलं, लघवी अडली, की थांबून विचारायचं. हे पंगतीचं औषध नव्हे."

मी खाटेशी उभा राहून पाहत होतो. वाटाण्याहून लहान ती गोळी. आणि पासष्ट किलोच्या माणसाचा घाम तिने बंद केला होता. इतकी वर्षे घाम म्हणजे मला धुऊन टाकायची घाण वाटे. आमचे कोणाचेही लक्ष नसताना, न सांगता, न थकता, तो आम्हा सगळ्यांना त्या बागेत जिवंत ठेवत होता, आणि एका माणसाला तो मिळत नव्हता. मला हात जोडावेसे वाटले. कोणाला, ते कळेना.

ताप एकशे दोनवर आला. दादाने डोळे उघडून वहिनीकडे नीट पाहिले, तिला नावाने हाक मारली. बऱ्याच वेळाने त्याच्या वरच्या ओठावर बारीक थेंब दिसू लागले. वहिनीने सवयीने पदर पुढे केला.

"पुसू नका," डॉक्टर हळूच म्हणाले. "येऊ दे."

आम्ही तिघे वाकून ते थेंब वाढताना पाहत राहिलो.