पाहुणा कुणाकडे जेवला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाळकसाहेबांना नाही. देवापुढे गुडघे टेकले तरी ह्या जागी आले की मी पटकन दुसऱ्या कुणाच्या आजारपणासाठी प्रार्थना सुरू करायचे — हसू नका, खरंच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला टेमघरला आमची ख्रिस्ती मंडळी एका खोलीत जमायची. भिंतीपलीकडे कापडाचे लूम धडधडत असायचे, त्यामुळे गाणी ओरडूनच म्हणावी लागायची. पाळकसाहेब सारखे बजावायचे, देवाच्या नावाने कुणी काही सांगितलं की लगेच मान डोलवू नका, आधी पारखून घ्या. आम्ही सगळे मान डोलवून ‘आमेन’ म्हणायचो.

एकदा बाहेरगावचे एक ब्रदर आले. त्यांना दर्शनं होतात, असा बोलबाला होता. दुपारचं जेवण आमच्याकडे. मी बोंबलाचं कालवण केलं, तांदळाच्या भाकऱ्या केल्या. आणि माझं तोंड! भाकरी वाढता वाढता मी अख्खी मंडळी त्यांच्या ताटात वाढली — कुणाची सून नांदत नाही, कोण लपून पितो. आणि सुशीलाताईचं. ती विधवा, कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. तिचा एकुलता एक दाविद दहावीला नापास झाला, तिने त्याला चारचौघांत वाट्टेल ते बोलून घेतलं, तो घरातून गेला तो गेलाच. “कुठे गेला?” ब्रदरांनी विचारलं. आता मला काय ठाऊक? पण ‘माहीत नाही’ म्हणेन तर ती मी कसली! सुरतेला असेल, लूमवर, असं मी ठोकून दिलं.

संध्याकाळी सभेत ब्रदरांनी डोळे मिटले. इथे एक विधवा आई आहे म्हणाले, प्रभू मला तिचा मुलगा दाखवतोय, सुरत शहर दिसतंय, लूम दिसतायत...

सुशीलाताई हुंदका देत उभी राहिली. खोलीत एकच हालेलुया.  पण ती सुरत माझी होती हो! भाकरी थापता थापता मीच थापलेली. बाकीचं देवाने दाखवलं असेल, असं म्हणून मनाची समजूत घातलीही असती — पण माझी थाप देवाला कुठून दिसणार? पाळकसाहेब ज्याला पारख म्हणायचे ती त्या खोलीत एकट्या मला झाली होती. आणि मी काय केलं? टाळ्या वाजवल्या.

का? बोलले असते तर माझी चहाडी उघडी पडली असती, हे एक. दुसरं त्याहून वाईट. ब्रदर त्याच सभेत म्हणाले होते, मी आज जेवलो त्या घरावर प्रभूचा हात आहे. सगळ्या बायका वळून माझ्याकडे बघत होत्या. मला ते फार आवडलं होतं.

सुशीलाताई सुरतेला गेली. पोराचा फोटो घेऊन कारखान्यांच्या दारांत उभी राहिली, रिकाम्या हाताने परतली. पुन्हा गेली. दर वेळी मी तिला डबा करून दिला. डबा! ‘जाऊ नकोस’ एवढं म्हणायला मात्र, एरवी कधी मिटत नाही ते माझं तोंड उघडलं नाही. मग ती प्रार्थनेला यायची बंद झाली. माझ्या दारात उभं राहून तिने विचारलं, “देवाचा पण पत्ता चुकतो का गं?” मी म्हटलं, देवाची वेळ यावी लागते. बघा, तेव्हासुद्धा! तिचा विश्वास माझ्या उंबऱ्यावर तुटत होता आणि मी तिला उपदेश करत होते.

तिला परत आणणारी मी नाही. तीच आली, एका रविवारी. साक्षीच्या वेळी, म्हणजे जो तो आपला अनुभव सांगतो तेव्हा, उठली आणि म्हणाली, सुरतेचं ते दर्शन देवाचं नव्हतं, माणसाचं होतं. मग मी उगाच देवावर कशाला रुसून बसू? नंतर बायकांना म्हणाली, “कुणी पाहुणा आपल्या घरातलं सांगायला लागला ना, तर आधी बघा — तो दुपारी कुणाकडे जेवला.” बायका खो खो हसल्या. ती माझ्याकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती, हे मला कळलं.

नव्वदनंतर दाविद परत आला. आधी मालेगावला होता. शेवटचं वर्षभर तर इथेच, आपल्या मानकोलीला, गॅरेजमध्ये. घरी यायची हिंमत होत नव्हती म्हणे. तिने दारातच त्याला दोन थोबाडीत दिल्या, मग पोटाशी धरून रडली. त्याच्या लग्नात पंगतीला वाढायला तिने मलाच उभं केलं.

पाहुण्या ब्रदरांचं जेवण अजूनही माझ्याच घरी असतं. तिचाच तसा हट्ट आहे. मी मुकाट्याने वाढते. सभेत पाहुण्याने एखादं दर्शन सांगितलं की सुशीलाताई मान वळवून माझ्याकडे बघते. मी हळूच मान हलवते — नाही, हे माझ्याकडून गेलेलं नाही. मग कुठे ती डोळे मिटून पारखायला बसते. मीही तिच्यासोबत बसते.

तिने मला कधीच काही विचारलं नाही. आणि मी आजवर सांगितलं नाही. सुशीलाताई, सुरत मी सांगितली होती.