पाया पडून दिलेला घास

हरणी रवंथ करत नव्हती. इतर कुणाला त्यात काही वावगं दिसलं नसतं. शिंगांना गेरू, गळ्यात झेंडू, शेजारी वासरू. फोटोत ती सकाळइतकीच छान आली असती.

मी गुरांची डॉक्टर. रिटायर झालेली, पण तलासरीजवळच्या एका शेती-म्युझियमने वसुबारसेच्या ‘गाय-वासरू फॅमिली वीकेंड’ला देखरेखीसाठी बोलावलं होतं. हरणी म्युझियमची नव्हे. डोंगराकडच्या जानकीची एकुलती एक डांगी गाय, दोन दिवसांसाठी आणलेली.

मी डाव्या कुशीवर मूठ दाबली. आत पाणी डुचमळलं. शेण पातळ, आंबट वासाचं.

“जानकी, काय काय खाल्लं हिने?”

“पुरणपोळ्या. भात. गूळ. चिकू तर टोपलीभर.”

“सकाळी बजावलं होतं ना, कुणाला देऊ देऊ नकोस म्हणून?”

“डाक्टरीणबाई, लोकं पाया पडून देत होती. असा घास परत कसा करू?”

गाईच्या पहिल्या पोटाला आम्ही रूमेन म्हणतो. तिथले जंतू गवत आंबवतात. गोड आणि पिठूळ एकदम आलं की तिथे आम्लच आम्ल होतं आणि ते रक्तात उतरतं. ॲसिडोसिस. प्रत्येक घराने एकच पोळी दिलेली असते, गाईने सगळ्यांची खाल्लेली असते. वसुबारसेला उपासाच्या बायका स्वतः गहू खात नाहीत, ही आणखी एक गंमत.

दुपारीच मी मॅनेजरला म्हटलं होतं, ही घास भरवायची रांग बंद करा.

“मॅडम, लोक घोलवडहून खास चिकू घेऊन आलेत. मी बोर्ड लावतो.”

बोर्ड लागला. इंग्रजीत. लोकांनी त्याच्यापुढे फोटो काढले. मी सोबत आलेल्या माझ्या नातीच्या हातातली पोळी काढून घेतली, तेव्हा ती भोकाड पसरून रडली आणि रांगेतल्या एक ताई म्हणाल्या, “कसली ही आजी!”

संध्याकाळी मी नळीने पोटात खायचा सोडा सोडला, शिरेतून सलाइन लावलं. मॅनेजर धावत आला.

“मॅडम, हे जरा गोठ्यामागे करता येईल का? मुलं बघतायत.”

“हरणीला विचारा, चालवतंय का.”

पोट उघडून सगळं बाहेर काढणं हा शेवटचा उपाय. तरुणपणी मी असली पोटं उघडायची आणि मग गावातून अशा ऐटीत फिरायची, जणू गाय माझ्या सहीने जगली. बहुतेक गाई स्वतःच्या हिमतीवर जगल्या, हार मी घालून घेतले. ती तेव्हाची मी, ती पोरगी इथे असती तर सुरी परजून मोकळी झाली असती. पण हरणीचे कान गार पडले होते. तिला ऑपरेशन पेललं नसतं.

रविवारी गेट उघडायच्या आत ती गेली. मान कुशीकडे वळवलेली, तशीच.

जानकीने शिंगांचा गेरू पदराने पुसला. रडली नाही. “तुमची वसुबारस ती आमची वाघबारस. तेव्हा आम्ही वाघाला सांगतो, आमच्या गुरांना हात लावू नको,” ती म्हणाली. “माणसांना सांगायचं राहिलं.”

तोवर लोक आले. गाय कुठाय, विचारू लागले. मॅनेजर म्हणाला, विश्रांती घेतेय. मग रांग वासरासमोर लागली, पोळ्यांसकट. जानकी मध्ये उभी राहिली आणि तिने त्या सगळ्यांना हात जोडले. “नको. नका देऊ.”

रांग हलली नाही. तिने वासराचं दावं सोडलं आणि त्याला उचलून, आणलं होतं त्याच टेम्पोत ठेवलं. ते आईसाठी हंबरत गेलं. त्याला दूध पाजायला जानकीकडे दुसरी गाय नव्हती.

इतक्या वर्षांच्या नोकरीत शिकले ते एवढंच: गाईवर माया असेल तर गवत द्यावं, तेही मालकाला विचारून.

आठवड्याने मॅनेजरचा फोन आला. “मॅडम, पुढच्या वर्षी फायबरची गाय ठेवतोय. तोंडाला भोक, खाली बादली.”

“ठेवा,” मी म्हटलं. “ती रवंथ करत नाही, हे कुणाच्या लक्षात येणार नाही.”