पुष्पांजलीचा डावा पाय

"कोणाले विचारून खोललं तू हे?"

"कोणालेच नाही. स्क्रू होते, खोलले."

"पुष्पे, बोर्ड क्लबचा आहे."

"अन् पाय माहे आहेत, सर."

"दोन वर्सं उजवा पाय पुढं ठेवून शिकली. आता निवड चाचणीले वीस दिवस राह्यले अन् डावा पुढं? डोकं फिरलं काय तुहं?"

"डोकं नाही सर, पाय फिरवले. डोकं तर आत्ता कुठं जाग्यावर आलं."

चिखलीतल्या साहसी खेळांच्या क्लबची ती एवढीशी खोली. भिंतीला दोर, हेल्मेटं, तंबूंच्या गुंडाळ्या. मधोमध जमिनीवर बर्फावर घसरायचा बोर्ड उताणा पडलेला आणि त्याच्या एका बाजूला पुष्पांजली, दुसऱ्या बाजूला तिथले प्रशिक्षक अर्जुनराव सर. सरांनी बोर्डाचं एक टोक धरलं होतं, तिनं दुसरं. दोघंही सोडत नव्हते.

अमडापूरच्या पंजाबरावांची ही थोरली. वय तेवीस. चिखलीत ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर बसते. गिऱ्हाइकानं नुसता झिजलेला बोल्ट दाखवला की मागं न वळता हात घालते आणि त्याच आट्याचा नवा काढून देते. "पोरीले काय समजते?" म्हणणारा माणूस दुसऱ्यांदा येतो तेव्हा मालकाला सोडून थेट तिलाच विचारतो.

गुलमर्गला तिला नेलं सरांनीच. हे ती कधी नाकारत नाही. ज्या जिल्ह्यात गारा पडल्या तर बर्फ पडला म्हणतात, तिथून अकरा पोरी बर्फावर न्यायच्या, त्यांच्या घरच्यांना पटवायचं, हे सोपं काम नव्हतं. आशाबाई, म्हणजे पुष्पांजलीची आई, तेव्हा म्हणाली होती, "पडायलेच जायचं तर एवढं दूर काऊन? आपल्या पांदणीत चिखल काय कमी आहे?"

आणि तिथं पोचल्यावर जे झालं ते फक्त आपल्याच लोकांकडून होऊ शकतं.

बोर्डावर माणूस आडवा उभा राहतो, एक पाय पुढं, एक मागं. दोन्ही पाय जखडायला बोर्डावर पट्ट्यांची बाइंडिंग बसवतात. ती बसवण्याआधी तिथल्या काश्मिरी उस्तादानं विचारलं, कौनसा पैर आगे? सरांनी सकाळीच नारळ फोडून बजावलं होतं, "नवं काम आहे पोरीओ, उजवा पाय पुढं." घरात शिरताना, लग्नात, बँकेत खातं उघडतानासुद्धा आपण उजवाच टाकतो. अकराच्या अकरा जणींनी उजवा पाय पुढं केला.

उस्ताद बघतच राहिला. "सब के सब? पक्का?"

"हां जी," सर अभिमानानं म्हणाले, "हमारे इधर सब का उजवाच है."

बहुतेकांचा खरं तर डावा पुढं असतो. पण उस्तादानं बसवली बाइंडिंग. अकरा दिवस पोरी पडत होत्या. कोणी कुल्ल्यावर, कोणी तोंडावर. दहा जणींनी नाद सोडला. एकटी पुष्पांजली पुढच्या हिवाळ्यात परत गेली, परत पडली, आणि सरांनी निकाल दिला, "तुह्या अंगात लय नाही. उड्याबिड्या सोड, सरळ शर्यतीत उतर."

तिला उड्याच हव्या होत्या. हवेत गिरकी घ्यायची, उलटं उतरायचं, मागच्या टोकानं घसरायचं. फ्रीस्टाइल म्हणतात त्याला. आणि जमत का नाही, हे तिला दोन वर्षं कळत नव्हतं.

कळलं ते दिवाळीनंतर, स्वतःच्या वावरात. हरभऱ्याआधी ढेकळं फोडायला बैलांमागं जड फळी ओढतात, तिच्यावर वजनाला कोणीतरी उभं राहावं लागतं. दहा वर्षांची असल्यापासून ती उभी राहते. त्या दिवशी बैल बुजले, फळी उडाली, आणि ही जागची हलली नाही.

पंजाबराव ओरडले, "बर्फावर पडते म्हणतं, अन् फळीवर गोचिडावानी चिकटली?"

तिनं खाली पाहिलं. डावा पाय पुढं.

"बाबा, थांबवा बैल."

"काऊन? लागलं का?"

"नाही. सापडलं."

तर, त्या दिवशी क्लबच्या खोलीत भांडण मिटलं नाही. सर म्हणाले, "बैलाची फळी अन् बर्फ सारखा आहे काय?" ती म्हणाली, "पाय तर सारखे आहेत." शेवटी ठरलं, रविवारी अमडापूरला येऊन सरांनी बघायचं. नाही पटलं तर जसं होतं तसं बसवायचं.

तीन दिवस तिनं ओसरीवर मांडामांड केली. क्लबात बाइंडिंगच्या दोन जोड्या होत्या. एक नवी, पोटरीमागची पाठ ताठ, पट्टे कडक. ती शर्यतीची. दुसरी जुनी, मऊ, घोट्याला हलू देणारी. सरांना नवी आवडायची. तिनं जुनी घेतली. बाइंडिंगच्या तळपट्टीवर बूट ठेवून पाहिला. टाच आणि चवडा बोर्डाच्या कडेबाहेर सारखेच डोकावत होते, म्हणजे माप बरोबर.

दोन पायांत अंतर किती? पंजाबराव म्हणाले, "बांधावरून उडी मार. पाय पडतात तिथं खूण कर." पाच उड्या मारल्या, खुणा जवळजवळ एकाच जागी. खांद्यांहून किंचित जास्त. तेवढंच ठेवलं, आणि दोन्ही बाइंडिंग बोर्डाच्या मध्यापासून सारखी, कारण उलटंही घसरायचं होतं.

मग कोन. सरांच्या जोडणीत दोन्ही पंजे एकाच दिशेला तोंड करून होते. तिनं डावा पुढच्या टोकाकडं पंधरा अंश वळवला, उजवा मागच्या टोकाकडं बारा.

"बदकावानी दिसून राह्यली," आशाबाई म्हणाली.

"बदक पडताना पाह्यलं का कधी?"

बाइंडिंगची पोटरीमागची पाठ कमीत कमी झुकवली. चार स्क्रू ट्रॅक्टरच्या चाकाचे नट कसतात तसे समोरासमोरचे, थोडे थोडे. पंजाबराव लांब पान्हा घेऊन आले तर हात धरला. "बाबा, जास्त पिळलं तर बोर्डाले खाली टेंगूळ येते. हे ट्रॅक्टर नाही."

रविवारी सर आले. खळ्यावर सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे मळणीच्या भुशाचा, ढीग होता, शेजारी ट्रॉली उभी. पुष्पांजली ट्रॉलीच्या काठावर चढली आणि बूट बोर्डात जखडले. पहिल्या उडीत अर्धी गिरकी घेऊन ती ढिगावर उतरली, गुडघे वाकले, उभीच. दुसऱ्यांदा उलटी उतरली, उभीच. तिसऱ्यांदा पूर्ण गिरकी. कुटार डोळ्यांत गेलं, नाकात गेलं, पण ती उभी. बांधावर बसलेल्या शेजारच्या म्हाताऱ्या रुखमाबाईंनी टाळी वाजवली, "आता खाली उतर वं, ढीग इस्कटला सारा!"

 सर ओसरीवर येऊन बसले. चहा आला. त्यांनी बॅगेतून क्लबचं शिफारसपत्र काढलं. त्याशिवाय चाचणीत नाव लागत नाही. फ्रीस्टाइलच्या रकान्यात स्वतःच्या हातानं तिचं नाव लिहिलं.

"चांगलं उतरली."

"हो सर."

"फक्त एक. जानेवारीत नवी बॅच नेऊन राह्यलो. बारा पोरी. त्यायच्यासमोर हे डाव्याउजव्याचं काढू नको."

"म्हणजे?"

"म्हणजे तुह्या पायाची गोष्ट वेगळी. असं सांगायचं. वीस वर्सं झाले मले हे काम करून, पुष्पे. उद्या पोरीयचे बाप येतीन, म्हणतीन, सरांनी आमच्या पोरी उगाच पाडल्या."

"मग त्या बारा कोणता पाय पुढं ठेवतीन?"

"उजवा. दरवेळी ठेवतात तो."

आशाबाई दारात थबकली. पंजाबराव आढ्याकडं बघत राहिले.

सरांनी सहीसाठी पेनाचं टोपण काढलं. "बोल. हो म्हण, सही करतो. चाचणी तुही आहे, नाव तुहं आहे. दोन वर्सं कशासाठी पडली मंग?"

पुष्पांजलीनं केसांतलं कुटार झाडलं. पत्राकडं एकदा पाहिलं. मग बोर्ड बगलेत मारला आणि पत्र बिनसहीचं तसंच ठेवून ओसरीच्या पायऱ्या उतरून गेली.